नाताळच्या पंगतीला दशमीचे पाहुणे

सूर्य धनु राशीत प्रवेश करतो तो डिसेंबरच्या १५-१६ तारखेस, आणि मकरेस जातो तो जानेवारीच्या १४-१५ तारखेस. या सौर महिन्यास आपण धनुर्मास आणि घरगुती बोलीत धुंधुरमास म्हणतो. आपली बहुतेक व्रते चंद्राच्या गतीने चालतात, म्हणून इंग्रजी तारखांत ती दरवर्षी मागेपुढे सरकतात. धुंधुरमास मात्र सूर्याचा. ख्रिस्ती बांधवांचा नाताळही सौर गणनेचा, २५ डिसेंबरचा. त्यामुळे दिवाळीत नाताळ कधी यावयाचा नाही, गणेशोत्सवात यावयाचा नाही. तो सदैव आपल्या धुंधुरमासातच येतो.

या महिन्यात पहाटे उठून, सूर्योदयापूर्वी देवास नैवेद्य दाखवावयाचा, आणि उगवत्या उन्हात भोजन करावयाचे, ही आपली जुनी चाल. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, मुगाची खिचडी, वांग्याचे भरीत, गूळ. गोदाकाठी थंडी पडली की या अन्नाची गोडी ज्याने चाखली त्यालाच ठाऊक. वैद्यकही हेच सांगते : हेमंतात जठराग्नी प्रबळ, म्हणून स्निग्ध आणि गुरू अन्न पचते. असो. ऋतूने दिलेले हे जिन्नस हिंदूच्या स्वयंपाकघरात जितके येतात तितकेच ख्रिस्ती घरातही येतात. बाजारात वांगी विकणारा कोणाचा धर्म विचारीत नाही.

नाताळच्या दिवशी काय रांधावे हा प्रश्न ख्रिस्ती गृहिणीचा. आम्हां हरदासांस त्यात काय बोलावयाचे, असे कोणी म्हणेल. परंतु २०२४ च्या डिसेंबरात हा प्रश्न आमच्याच ओसरीवर आला, आणि तोही पंचांगासह. आमच्या कीर्तनास वर्षानुवर्षे येणारे सिन्नर तालुक्यातील एक माळकरी गृहस्थ आहेत. त्यांची कन्या नाशिकच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात सून म्हणून गेली. विवाहास पाच वर्षे झाली. येणेजाणे तुटले नव्हते, पण त्या घरी माळकऱ्याने चहापलीकडे काही घेतले नव्हते. आरंभी निमित्त असे की मुलीच्या घरी नातवंड झाल्यावाचून जेवू नये. पुढे नातू झाला, ते निमित्त सरले. मग त्या घरच्या सासूबाईंनी नाताळच्या जेवणाचे आमंत्रण धाडले, आणि व्याह्यांनी ते स्वीकारले. आता काय वाढावे? सून आमच्याकडे आली आणि म्हणाली, "बुवा, बाबा येतो म्हणालेत खरे, पण पानावर बसून नुसते भाताची शिते चिवडली तर आत्यांना फार लागेल. त्यांच्या नेमात बसेल असे काय काय करू ते तुम्हीच सांगा."

आम्ही पंचांग उघडले. २५ डिसेंबर, बुधवार, मार्गशीर्ष वद्य दशमी. दुसरे दिवशी गुरुवारी सफला एकादशी, आणि तोच मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. म्हणजे वडिलांची एकादशी आणि आईच्या महालक्ष्मीव्रताचे उद्यापन एकाच दिवशी, आणि आदल्या दिवशी नाताळ!

वाचकांपैकी जे एकादशीव्रत यथाविधी करतात त्यांस दशमीचे नियम ठाऊक असतीलच. व्रत खरे तर तीन दिवसांचे. दशमीस एकभुक्त, एकादशीस उपवास, द्वादशीस पारणे. उद्या उपवास करणाराने दशमीस काय टाळावे याची यादी निबंधकार देतात. काशाचे पात्र टाळावे. मांस, मसूर, हरभरा, हरीक वर्ज्य. शाक आणि मध वर्ज्य. पुन्हा भोजन वर्ज्य. आणि परान्न वर्ज्य. पंढरपूरच्या काशीनाथोपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेला धर्मसिंधू ज्या घरांत प्रमाण मानला जातो तेथे ही यादी पुष्कळांस पाठ असते. वारकरी संप्रदायात सगळेच जण ती सगळीच पाळतात असे नाही. एकभुक्त राहणे आणि कांदा-लसूण टाळणे एवढ्यावर बहुतेकांचे भागते. पण हे गृहस्थ पाळणारांपैकी.

यातले इतर सगळे सोडवता येते. खरी अडचण परान्नाची. दुसऱ्याचे अन्न दशमीस नको, आणि आमंत्रण तर जेवणाचेच! निबंधग्रंथांतून एक वचन येते, त्याचा अर्थ असा की गुरू, मामा, सासरा, पिता आणि पुत्र यांचे अन्न परान्न समजू नये. यात कन्या नाही. आता पाणिनीच्या एकशेष प्रकरणात असे सांगितले आहे की पुत्र आणि दुहिता हे शब्द एकत्र उच्चारावयाचे तेव्हा पुत्र हा एकच शब्द उरतो आणि तो दोघांचा वाचक होतो. आमच्या एका विद्यार्थ्याने लगेच हा सूर धरला, की वचनातील पुत्रशब्दात कन्याही आलीच! त्याची हुशारी आम्हांस आवडली, पण एकशेषात द्विवचन लागते आणि वचनात आहे एकवचन. व्याकरणाच्या खिडकीतून चोरासारखे आत शिरण्याचे कारण नव्हते.

दुसरी सोय शास्त्रानेच ठेवलेली आहे, ती आमान्नाची. कच्चा शिधा घ्यावा आणि आपल्या हाताने शिजवून खावा, म्हणजे परान्नाचा दोष टळतो. प्रवासात, यात्रेत, अनोळखी गावी ही सोय उत्तम. सुनेच्या सासूबाईंनीही मोठ्या मनाने सांगून पाठविले होते, की विहीणबाईंनी येऊन आमच्या ओट्यावर स्वतः रांधले तरी आमची हरकत नाही. पण आम्ही या सोयीस नकार दिला. आमंत्रण देऊन बोलावलेला पाहुणा यजमानिणीस चुलीपासून दूर करून स्वतः शिजवू लागला, तर जेवण होते, परंतु आमंत्रण नाकारलेलेच राहते. पाच वर्षे चहावर चाललेले नाते आणखी पाच वर्षे शिध्यावर चालले असते.

मग आम्ही त्या माळकऱ्यांस बोलावून घेतले आणि त्यांच्यापुढे आहारदोषांचा विषय काढला. श्रीरामानुजाचार्यांच्या श्रीभाष्यात अन्नाचे तीन दोष येतात : जातिदोष, आश्रयदोष आणि निमित्तदोष. जातिदोष म्हणजे पदार्थाचा स्वतःचा; मांस, लसूण वगैरे. निमित्तदोष म्हणजे केस, उष्टे, धूळ इत्यादी बाहेरून आलेला. आश्रयदोष म्हणजे ज्याच्या घरचे अन्न त्याच्यामुळे येणारा. पहिले दोन टाळणे स्वयंपाक करणारीच्या हाती. तिसरा कोणी ठरवावा? जुन्या व्याख्यानांत आश्रयदोष जन्मावरून आणि पातित्यावरून लावलेला आहे, हे आम्ही लपवीत नाही. पण आम्ही कथेकरी. आमचे प्रमाण आख्यानात असते. एकनाथ महाराजांनी श्राद्धाचे अन्न कोणास घातले आणि स्वतः कोणाच्या घरी जाऊन जेवले, हे महिपतीने लिहून ठेवले आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदाने त्यावर काय केले तेही सर्वांस ठाऊक आहे.

त्याहून जुना दाखला उद्योगपर्वातला. शिष्टाईस गेलेल्या श्रीकृष्णास दुर्योधनाने पक्वान्नांचे ताट सिद्ध ठेवले होते. कुळ निर्दोष, स्वयंपाक राजाचा. भगवंतांनी ते नाकारले आणि सांगितले की अन्न दोनच कारणांनी घ्यावयाचे असते, देणाऱ्याच्या प्रीतीमुळे किंवा घेणाऱ्यावरील आपत्तीमुळे. तुझ्या ठायी प्रीती नाही आणि आमच्यावर आपत्ती नाही. आणि ते जेवले विदुराघरी, दासीपुत्राकडे. महाराष्ट्रात विदुराच्या कण्या गाऊन किती पिढ्या झाल्या! आम्ही त्या गृहस्थांस एवढेच विचारले, "दशमीचे परान्न ते कोणते? प्रीती नाही तेथले की प्रीती आहे तेथले?" ते काही वेळ माळेचे मणी ओढीत बसले. मग म्हणाले, "बुवा, लेकीच्या घरी जायचं तर उपाशी कशाला जायचं. पण हरभरा नको."

हे ज्या शहरात घडले त्याचाही संबंध आहे. नाशिकचे शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसविलेली वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकी मुलेही तेथे वाढली व शिकली. डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे शव घेऊन १८७४ मध्ये इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट हा त्या शाळेतलाच. आणि नाशिकच्या शेजारीच गोदेच्या काठी जलालपूर आहे, जेथे लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ साली झाला. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची हकीकत 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांस आठवत असेल. बाजारातून आणलेले मीठ आणि साखरदेखील त्या घरी धुऊन घेत! धुतल्यावर साखरेचे काय उरत असेल ते वाचकांनीच ताडावे. त्याच घरातली कन्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पत्नी झाली. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला; बाईंनी त्यानंतरचा ताटातुटीचा काही काळ पंढरपुरात काढला, आणि पतीकडे परत आल्यावरही स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे असे दिवस काढले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९३६ साली त्यांचे निधन नाशिकातच झाले. टिळकांनी नाशिकात गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृताचे अध्ययन केले होते, आणि ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी कीर्तनाची आपली पद्धत टाकली नाही, उलट ती आपल्या नव्या समाजात नेली. व्यवसायबंधू म्हणून आम्हांस त्यांच्याविषयी आदर आहे. मतभेद आहेत ते आहेत. आमच्या या प्रांतात चुलीवरून घरे कशी दुभंगतात आणि पुन्हा कशी सांधतात, याचा इतका स्पष्ट लेख दुसरा नाही.

मराठी ख्रिस्ती घरांतला नाताळचा फराळ पाहिला तर तो आपल्या दिवाळीचाच सख्खा भाऊ. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, लाडू, शेव. त्यांत केकची भर. गोव्यात तर नेवऱ्या चतुर्थीलाही होतात आणि नाताळलाही, आणि दोदोल-बिबिंक यांची ताटे शेजारी पोहोचतात. याच गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनच्या हुकुमाने नवख्रिस्ती घरांत हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजविण्यासही मनाई झाली होती, हे अ. का. प्रियोळकरांच्या ग्रंथात वाचावयास मिळते. भातात मीठ आधी घालावे की नंतर, यावर राजाज्ञा! तरीही नेवरी टिकली.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांपैकी थोड्यांस ठाऊक असेल. नाताळपूर्वी उपवास करण्याची चाल ख्रिस्ती समाजांतही आहे. केरळातील सुरियानी ख्रिस्ती १ डिसेंबरपासून पंचवीस दिवस मांस, मासे, अंडी सोडतात. पोलंडमध्ये २४ तारखेच्या संध्याकाळचे जेवण मांसावाचून होते, मेजावर कापडाखाली थोडे वाळले गवत पसरतात आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जागा रिकामी ठेवतात. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहात होते. त्यांचा नाताळ पंचगंगेच्या खोऱ्यात झाला. तेव्हा मांस नसले म्हणजे नाताळ उणा, हे त्या धर्माचे मत नव्हे, घरोघरची सवय आहे. पण सवयही मानावी लागते. सुनेच्या आजेसासऱ्यांनी ऐंशी वर्षे नाताळला मटणाचा रस्सा खाल्ला होता. पाहुणे हिंदू म्हणून यजमानांनी आपला सण आपल्या ताटातून काढून टाकावा, असे आम्ही सांगणार नव्हतो.

कोणी सुचविले की दोन पंगती कराव्या. एक त्यांची, एक आपली. हे आम्हांस पटले नाही. एकाच पंगतीत दोन तऱ्हांनी वाढणे यास शास्त्र पंक्तिभेद म्हणते आणि तो पापात मोजते. आणि दोन वेगळ्या पंगती मांडणे हे तर तेच दुखणे मोठे करून ठेवणे. तोड आजोबांनीच काढली. दशमीस एकभुक्त, म्हणजे पाहुण्यांचे जेवण दुपारचेच. तर दुपारी सकाळची उपासना आटोपून सर्वांचे एक जेवण, सर्वांना तेच. आणि रात्री, पाहुणे सिन्नरला परतल्यावर, आजोबांचा रस्सा. विहीणबाईंस तरी दुसऱ्या दिवशीच्या उद्यापनासाठी संध्याकाळी घरी पोहोचणे भागच होते.

राहता राहिला पदार्थांचा प्रश्न. सासूबाईंचा मनोदय पुरणपोळीचा होता. सणाला पाहुणा आला की पुरण, हे त्यांच्याही रक्तात. पण पुरण हरभऱ्याच्या डाळीचे. तुरीच्या डाळीचे पुरण होते, दक्षिणेकडे करतातही. मात्र ते सैल पडते आणि पोळी लाटताना फुटते. ज्या बाईने कधी केले नाही तिने सणाच्या दिवशी ते करू नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले आणि ते आम्ही कळविले. त्याऐवजी गव्हाची खीर ठरली. २४ तारखेस सकाळी गहू भिजत घालावे, संध्याकाळी ओलसर असताना कांडून कोंडा काढावा, आणि २५ ला पहाटे शिजवून गूळ, खोबरे, वेलदोडा घालावा. भिजविलेले धान्य शिळे होत नाही, शिजविलेले होते. म्हणून रात्रीच्या उपासनेला जाऊन आलेल्या बायकांनाही पहाटे फार घाई नको. गोडीसाठी मध नको एवढेच सांगितले.

बाकीचे सगळे धुंधुरमासाचेच. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, घरचे लोणी, मुगाची खिचडी, गाजराची कोशिंबीर, आणि भरीत. वांगे चातुर्मासात वर्ज्य, ते चंपाषष्ठीला मोकळे होते. त्या वर्षी चंपाषष्ठी ७ डिसेंबरला होऊन गेली होती. शाक वर्ज्य म्हणजे पालेभाजी की भाजीमात्र, यावर मतांतर आहे. पालेभाजी गाळली आणि भरीत ठेवले. भरितात कांदा नाही, भाजलेले तीळ आणि दही. लेकुरवाळी भाजी करण्याचा सासूबाईंचा बेत होता, पण तिच्यात ओला हरभरा पडतो, आणि ओला झाला तरी हरभरा तो हरभराच. ती भाजी रद्द झाली.

भांड्यांचा विषय सुनेने भीतभीतच काढला. घरात मांस शिजते, मग नवी भांडी आणावी काय? आम्ही सांगितले, नको. धातूच्या भांड्यांची शुद्धी मनूनेच सांगून ठेवली आहे : राख, आंबट आणि पाणी. पितळेची पातेली चिंचेने घासावी, झाले. शोषून घेते ते मातीचे. म्हणून भाकरीचे खापर तेवढे नवे घ्यावे. काशाची ताटे सासूबाईंकडे त्यांच्या आजेसासूच्या वेळची होती आणि मुद्दाम माळ्यावरून काढून ठेवली होती. ती पुन्हा माळ्यावर गेली. त्याऐवजी केळीची पाने आली.

केकची गोष्ट निराळी. तो त्या सणाचा नैवेद्यच म्हणावयाचा. तो करू नका असे सांगण्याचा अधिकार कोणाला? त्यांनी नेहमीचा केक केला, आणि रव्याचा, अंड्यावाचून, दह्यातला असा दुसरा लहानसा केला. दोन केक म्हणजे पंक्तिभेद नव्हे काय, असे आजोबांनी आम्हांस विचारले. आम्ही म्हटले, केक पानावर वाढू नका, चौरंगावर ठेवा. ज्याला जो हवा तो त्याने उचलावा. पंक्तिभेद वाढणाऱ्याचा असतो, उचलणाऱ्याचा नाही.

दुपारी एक वाजता पाने मांडली. आम्हांसही आमंत्रण होते. आजोबांनी उभे राहून मराठीत प्रार्थना म्हटली, माळकऱ्यांनी बसल्या जागी विठ्ठलाचे नाव घेतले, आणि दोन्ही संपेपर्यंत कोणी भाताला हात लावला नाही. सासूबाई वाढीत होत्या. त्यांच्या हातची भाकरी व्याह्यांनी मोडली तेव्हा सून दाराशी उभी होती. ती आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. व्याह्यांनी भरीत दोनदा मागून घेतले. विहीणबाईंनी खिरीला नाव ठेवले, की वेलदोडा कमी आहे. आमच्या मते ती त्या दिवसातली सर्वांत चांगली गोष्ट. परक्याच्या खिरीला कोणी नाव ठेवीत नाही. केक त्यांनी खाल्ला नाही, मात्र धाकट्या मुलासाठी रव्याचा केक बांधून घेतला.

निघताना पुढचे बोलणे झाले. पौष वद्य एकादशीला, २५ जानेवारी २०२५ रोजी, त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा. माळकऱ्यांची दिंडी सिन्नरहून नाशिकमार्गे जावयाची होती. सासूबाईंनी विचारले, दिंडीतली माणसे किती, आणि वाटेत एक वेळ आमच्याकडे थांबतील का? ते म्हणाले, विणेकऱ्यांना विचारून कळवतो. मग सासूबाई आमच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बुवा, त्या एकादशीला काय चालतं?" ती षट्तिला एकादशी. तिळाचे सहा उपयोग सांगितले आहेत. स्नानात, उटण्यात, होमात, तर्पणात, दानात आणि भोजनात. आम्ही सांगितले, भगर तर नाशिकचीच आहे, पण तुम्ही तिळगुळाचे लाडू करून शिदोरी म्हणून द्या. संक्रांतीला तीळ आणालच, तेव्हाच दोन शेर जास्त आणून ठेवा.